राज्य कुणाचे आणि जाब कुणाला

राज्यपद्धतींची वर्गवारी करताना पहिला प्रश्न येतो तो संख्येचा: सत्ता एकाच्या हाती आहे, थोड्यांच्या की पुष्कळांच्या? ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने ग्रीक नगरराज्यांचा अभ्यास करताना त्याला दुसरा प्रश्न जोडला. ही सत्ता चालते कुणाच्या भल्यासाठी? या दोन प्रश्नांतून त्याने सहा प्रकार पाडले. एकाने सर्वांसाठी चालवलेले राज्य म्हणजे राजेशाही, आणि तेच स्वतःपुरते पाहू लागले की जुलूमशाही. थोड्या गुणवंतांनी सर्वांसाठी चालवले तर श्रेष्ठांचे राज्य, आणि त्या थोड्यांनी स्वतःची तुंबडी भरायला सुरुवात केली की मूठभर श्रीमंतांची सत्ता. पुष्कळांच्या राज्यालाही चांगली-वाईट अशा दोन बाजू आहेत, असे तो मानत होता. आज आदराने उच्चारला जाणारा लोकशाही हा शब्द त्याच्या यादीत बिघडलेल्या प्रकारांत बसला होता, कारण त्याच्या लेखी ते गरिबांनी गरिबांपुरते चालवलेले राज्य होते.

या वर्गवारीत एक तिसरा प्रश्न मात्र पुढे येत नाही. राज्य चुकले तर जाब कुणी विचारायचा, आणि तो देणे राज्यकर्त्याला भाग आहे का? खानदेशचा इतिहास या प्रश्नाच्या उजेडात वाचला, तर राज्यपद्धतींमधला फरक पुस्तकी व्याख्यांपेक्षा लवकर कळतो.

राजेशाहीचे नमुने या मुलखात भरपूर आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्याहून फार लांब नसलेल्या अजिंठ्यात सोळा क्रमांकाचे लेणे पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतले. चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके 1128 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला आणि यादवांचे मांडलिक असलेल्या निकुंभ घराण्याने त्याला दान दिले, ही हकिकत त्यात कोरलेली आहे. गणिताच्या अभ्यासाला राजाश्रय देणारे हे राज्यकर्ते कोणत्याही मापाने चांगलेच म्हणायला हवेत. तरीही तो मठ चालला तो राजाच्या मर्जीवर. पुढच्या राजाने दान बंद केले असते तर त्याला अडवणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. चांगला राजा ही प्रजेला मिळालेली देणगी असते; तो प्रजेचा हक्क नसतो.

पुढे 1382 पासून फारुकी सुलतानांचे स्वतंत्र राज्य आले. त्यांची गादी आधी थाळनेरला होती, मग बऱ्हाणपूरला गेली. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा सुभा झाला. त्यानंतर मराठ्यांचा अंमल बसला. एवढ्या उलथापालथीत गावातल्या माणसाच्या दृष्टीने बदलले ते मुख्यतः सारा कुणाच्या तिजोरीत जातो एवढेच. गावचा कारभार पाटील आणि कुलकर्णी पाहत. परगण्यावर देशमुख-देशपांडे असत. तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. या गोतसभेमुळे आपल्याकडे लोकशाही पूर्वीपासूनच होती, असे अनेकदा अभिमानाने सांगितले जाते. चर्चा करून, सर्वांचे ऐकून निर्णय घेण्याची रीत होती हे खरेच. पण पाटीलकी हे वतन होते. ते बापाकडून मुलाकडे जाई, भावांत वाटले जाई, प्रसंगी विकलेही जाई. सभेत कुणी कुठे बसायचे आणि कुणी बाहेर उभे राहायचे, हे जातीने ठरलेले असे. चर्चा होती, समान हक्क नव्हता. या दोहोंतले अंतर पुसले की लोकशाहीचा अर्थच हातातून निसटतो.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि कंपनी सरकारने खानदेशात कॅप्टन जॉन ब्रिग्ज याला नेमले. आता राज्य लेखी नियमांवर चालू लागले. कलेक्टर, मामलेदार, न्यायालये, जमिनीची मोजणी, सारे कागदावर आले. ही नोकरशाहीची राजवट होती आणि तिच्यात एक नवी गोष्ट होती: नियम आधी जाहीर होत आणि अधिकारी बदलला तरी ते टिकत. पण ते नियम ठरवताना इथल्या माणसाला कुणी विचारत नसे. 1852 मध्ये जमीन मोजणीच्या विरोधात सावदा, फैजपूर, एरंडोल या भागातले शेतकरी मोठ्या संख्येने गोळा झाले. आपल्या शेतावर किती सारा बसणार हे ठरवणाऱ्यांनी आपल्याशी चकार शब्द बोलू नये, ही त्यामागची बोच होती. सरकारने फौज आणून तो उठाव मोडला. कलेक्टर जाब देई तो मुंबईला, मुंबई देई ती लंडनला. सावद्याच्या शेतकऱ्याला द्यायचा जाब त्या साखळीत कुठेच नव्हता.

नेमका हाच प्रश्न युरोपातल्या विचारवंतांनी दोन शतके आधीपासून हाताळला होता. इंग्लंडमध्ये यादवी युद्ध पाहिलेल्या थॉमस हॉब्जने 1651 मध्ये मांडले की राज्य नसेल तर माणसे एकमेकांच्या जिवावर उठतील. म्हणून सर्वांनी आपले अधिकार एका सार्वभौम सत्तेच्या हवाली करावेत. त्याचा निष्कर्ष निरंकुश सत्तेकडे जातो. पण त्याने एक मोठे पाऊल टाकले होते. राजाची सत्ता देवाने दिलेली नसून माणसांनी आपसांत केलेल्या करारातून येते, हे त्याने गृहीत धरले. जॉन लॉकने 1689 मध्ये तो करार उलटून पाहिला. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे माणसाचे हक्क राज्याच्या आधीपासूनचे आहेत. त्यांचे रक्षण करण्यासाठीच लोक संमतीने राज्य उभे करतात. राज्याने तेच तुडवले तर ते बदलण्याचा अधिकार लोकांना उरतो. संमतीवाचून कर नाही, हे त्याच्या मांडणीतून सरळ निघते. मोजणीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांनी लॉक वाचलेला असण्याचा संभव नाही, पण त्यांचे गाऱ्हाणे तेच होते.

माँटेस्क्यूने 1748 मध्ये धोका वेगळ्या जागी दाखवला. कायदा करणारा, तो राबवणारा आणि न्याय देणारा एकच असेल, तर तो कितीही सज्जन असो, स्वातंत्र्य टिकत नाही. म्हणून सत्तेची विभागणी हवी. रूसोने 1762 मध्ये आणखी खोल जाऊन विचारले की स्वतः केलेला कायदा पाळण्यात गुलामी कशी असेल? लोकांनी एकत्र बसून कायदा केला तर ते एकाच वेळी राजेही असतात आणि प्रजाही. प्रतिनिधी निवडून घरी बसणे त्याला मान्य नव्हते. जॉन स्टुअर्ट मिलने 1859 मध्ये बहुमताच्याच जुलमाविषयी सावध केले: हजार लोकांचे मत एक आणि एकाचे वेगळे असले, तरी त्या एकाचे तोंड बंद करण्याचा अधिकार हजारांना मिळत नाही.

हे विचार महाराष्ट्रात आले तेव्हा त्यांना इथला प्रश्न भेटला. जोतीराव फुल्यांवर टॉमस पेनच्या मानवी हक्कांच्या ग्रंथाचा खोल परिणाम झाला होता. 1873 मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, आणि त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापला. राजा परका आहे की आपला, एवढ्यावर त्यांचे समाधान होणार नव्हते. जन्माने उच्च ठरलेल्यांची सत्ता घराघरांत असेल तर सिंहासनावर कोण बसले याने शेतकऱ्याला आणि स्त्रीला काय फरक पडतो, हा त्यांचा सवाल होता. राज्यसत्तेच्या चर्चेत जात आणि स्त्री-पुरुष विषमता आणल्याशिवाय लोकशाहीचा विचार पुरा होत नाही, ही भर महाराष्ट्राने घातली, आणि ती लहान नाही.

इंग्रजी अमलात प्रतिनिधित्व आले ते थेंबाथेंबाने. 1882 चा लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव, 1884 चा मुंबई इलाख्याचा लोकल बोर्ड कायदा, मग 1909, 1919 आणि 1935 च्या सुधारणा. 1935 च्या कायद्यानेही प्रांतांत मत देता आले ते सुमारे 3 कोटी लोकांना. सारा भरत असाल, मालमत्ता असेल किंवा शिक्षण झाले असेल, तर मत. मजूर, भूमिहीन आणि बहुसंख्य बायका यादीबाहेरच राहिल्या. ॲरिस्टॉटलच्या भाषेत ही थोड्यांची सत्ताच होती, फक्त ती निवडणुकीच्या वाटेने येत होती. निवडणूक झाली म्हणजे लोकशाही आली असे नसते, हे यावरून दिसते.

या पार्श्वभूमीवर डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला जे घडले त्याचे मोल कळते. काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरत होते आणि त्यासाठी त्या वेळच्या पूर्व खानदेशातले, यावल तालुक्यातले फैजपूर निवडले गेले. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावची माणसे कामाला लावली. शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावाकडच्याच साहित्यातून अधिवेशनाचे टिळकनगर सजवले. शंकरराव देव स्वागताध्यक्ष होते, अध्यक्षपदी जवाहरलाल नेहरू. मनमाडहून पाचशेच्या वर किसान पायी निघाले आणि दोनशे मैलांहून जास्त चालत, वाटेतल्या गावांना अधिवेशनाचा हेतू समजावत फैजपूरला पोहोचले. अखिल भारतीय किसान सभेचे अधिवेशनही एन. जी. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली तिथेच भरले. शेतसारा आणि खंड कमी करावा, न परवडणाऱ्या छोट्या जमिनींना साऱ्यातून सूट मिळावी, कर्जाचा बोजा हलका व्हावा, शेतकऱ्यांच्या संघटनांना मान्यता मिळावी, अशा मागण्यांचा शेतीविषयक कार्यक्रम काँग्रेसने या अधिवेशनात स्वीकारला.

राज्यपद्धतीच्या दृष्टीने मात्र त्याहून महत्त्वाचा होता तो दुसरा ठराव. 1935 चा कायदा नाकारून काँग्रेसने मागणी केली की भारताची राज्यघटना भारतीयांच्या घटना समितीने बनवावी आणि ती समिती प्रौढ मताधिकाराने निवडलेली असावी. म्हणजे सारा भरणारा, न भरणारा, शिकलेला, अडाणी, बाई, पुरुष, सर्वांच्या मतावर देशाचा पाया रचायचा. ज्या मंडपात हा ठराव झाला, त्या मंडपाभोवती जमलेल्या हजारो शेतकऱ्यांपैकी किती जणांना त्या दिवशी कायद्याने मत होते, याचा विचार केला की ठरावाची झेप लक्षात येते. 1852 मध्ये ज्या गावांत न विचारता मोजणी करणाऱ्या सरकारविरुद्ध माणसे उभी राहिली, त्याच टापूत 84 वर्षांनी ही मागणी लेखी रूपात उमटली.

मागणी जशीच्या तशी पुरी झाली नाही, हेही सांगायला हवे. 1946 ची घटना समिती प्रांतिक विधानसभांनी निवडली आणि त्या विधानसभा मर्यादित मताधिकारावरच उभ्या होत्या. पण या समितीने तयार केलेल्या घटनेच्या अनुच्छेद 326 ने प्रौढ मताधिकार एका फटक्यात सर्वांना दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो 1928 मध्ये सायमन आयोगापुढेच मागितला होता. शिक्षण नाही म्हणून मत नको, या युक्तिवादाला मिलसारखा स्वातंत्र्यवादीसुद्धा बळी पडला होता; 1861 च्या ग्रंथात त्याने निरक्षरांना मत नाकारले आणि सुशिक्षितांना जास्त मते सुचवली. भारताने नेमके उलट केले. 1951 च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम 18 टक्के असताना 17 कोटींहून अधिक मतदारांची यादी तयार झाली, आणि पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी ठेवून तिच्यावर चिन्ह चिकटवले गेले. अक्षर न येणाऱ्या बाईने चिन्ह ओळखून मत टाकले. स्वित्झर्लंडसारख्या जुन्या लोकशाहीत स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळायला 1971 साल उजाडले.

25 नोव्हेंबर 1949 च्या घटना समितीतील भाषणात आंबेडकरांनी या यशाच्या पोटातला धोका दाखवला. राजकारणात एक माणूस एक मत, आणि समाजात व अर्थकारणात घोर विषमता, ही विसंगती फार काळ चालू राहिली तर विषमता सोसणारे लोक ही राजकीय लोकशाहीच उधळून लावतील, असा त्या इशाऱ्याचा मथितार्थ. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकांपासून तोडता येत नाहीत, हा त्यांचा आग्रह होता. याच भाषणात त्यांनी राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, हेही बजावले आणि बौद्ध संघात ठराव, मतदान, गणपूर्ती यांचे नियम होते याची आठवण करून दिली.

आज जगात लोकशाही म्हणवणाऱ्या राज्यपद्धती एकसारख्या नाहीत. ब्रिटनमध्ये राजा आहे, तरीही सत्ता संसदेची, म्हणून ती घटनात्मक राजेशाही. भारतात राष्ट्रप्रमुखही निवडून येतो, म्हणून भारत प्रजासत्ताक. जळगावच्या प्रतिभा पाटील 2007 मध्ये त्या पदावर गेल्या त्या कुठल्या घराण्याच्या वारसाने नव्हे. संसदीय आणि अध्यक्षीय पद्धतीतला फरक समजायला अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. महाराष्ट्रातल्या सरपंचाच्या निवडीत तो दिसतो. सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडला तर तो सदस्यांच्या पाठिंब्यावर टिकतो, जसा पंतप्रधान लोकसभेच्या. गावाने थेट मतदानाने निवडला तर त्याला स्वतंत्र कौल मिळतो, जसा अमेरिकेच्या अध्यक्षाला; मग सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचे, अशी कोंडीही होते. 2017 मध्ये थेट निवड आली, 2020 मध्ये ती रद्द होऊन सदस्यांकडे गेली आणि 2022 मध्ये पुन्हा थेट झाली. पाच वर्षांत कायदा तीनदा फिरला, आणि दर वेळी गावकऱ्यांना विचारून फिरला असे म्हणता येत नाही.

पाचोरा तालुक्यातल्या खेड्यातला मतदार ग्रामपंचायत, पंचायत समितीचा गण, जिल्हा परिषदेचा गट, विधानसभा आणि लोकसभा अशा पाच पातळ्यांवर मत देतो. विधानसभेला पाचोरा-भडगाव हा एक मतदारसंघ आहे आणि तो जळगाव लोकसभेत मोडतो. सत्तेची ही उतरंड आपोआप आलेली नाही. बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये लोकशाही विकेंद्रीकरण सुचवले, वसंतराव नाईक समितीने त्याला महाराष्ट्राचे रूप दिले आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून पंचायतींना घटनेचे संरक्षण मिळाले. महाराष्ट्राने 2011 मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या.

रूसोला हवी असलेली थेट लोकशाही भारतात उरली आहे ती ग्रामसभेत. तिथे प्रतिनिधी नसतो, प्रत्येक मतदार सभासद असतो. वर्षात किमान चार सभा घ्याव्या लागतात. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हवेत. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. ही पळवाट गावोगाव ठाऊक आहे. चार टाळकी जमवून प्रोसिडिंग बुकात ठराव लिहिला की लाभार्थ्यांची यादी मंजूर होते, आणि नंतर ओरड करणाऱ्याला सभेला का आला नाहीस हे ऐकावे लागते. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, चोपडा, रावेर तालुक्यांतल्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना 1996 च्या पेसा कायद्याने जास्त अधिकार दिले आहेत. तिथे पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, आणि गौण वनोपज व स्थानिक संसाधने यांबाबत तिचा शब्द विचारात घ्यावा लागतो.

लोकशाहीचे तत्त्वज्ञान किती बारीक नियमांत उतरते, हे मतदान केंद्रावर पाहावे. विधानसभा-लोकसभेच्या मतदानाआधी पहाटे केंद्राध्यक्ष उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान 50 चाचणी मते नोंदवतो, मोजून दाखवतो आणि पुसून टाकतो. मग यंत्र सीलबंद होते. मतदाराच्या डाव्या तर्जनीला शाई लागते, नोंदवहीत सही किंवा अंगठा होतो, बटण दाबल्यावर काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि आत पडते. संध्याकाळी किती मते पडली त्याचा हिशेब नमुना 17 क मध्ये लिहून प्रतिनिधींच्या हाती दिला जातो. यातला प्रत्येक नियम अविश्वासावर उभा आहे, आणि तो तसाच असायला हवा. पुठ्ठ्याच्या आडोशामागे शेतमजूर आणि त्याचा मालक यांचे मत सारख्याच वजनाचे ठरते, आणि कुणी कुणाला दिले ते दुसऱ्याला कळत नाही. हॉब्जला हवी असलेली सुरक्षितता आणि लॉकची संमती यांची सांगड त्या आडोशात घातली जाते.

मतदानाने आलेली सत्ताही हुकूमशाहीकडे झुकू शकते. जर्मनीत हिटलर 1933 मध्ये घटनेच्या चौकटीतूनच चॅन्सेलर झाला. भारतात 25 जून 1975 ला आणीबाणी जाहीर झाली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, विरोधक तुरुंगात गेले. मार्च 1977 मध्ये मतदारांनी ते सरकार घालवले आणि 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही अशी तजवीज झाली. त्याआधी 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की संसदेला घटना दुरुस्त करता येते, पण तिचा मूळ ढाचा मोडता येत नाही. बहुमतालाही लक्ष्मणरेषा असते, हा मिलचा मुद्दा अशा रीतीने भारतीय कायद्यात आला.

लोकशाही गाजावाजा न करताही आटते. घटनेनुसार पंचायत किंवा नगरपालिकेची मुदत पाच वर्षे असते आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हावी लागते. तरीही ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात महाराष्ट्रातल्या निवडणुका रखडल्या. 2017 मध्ये निवडून आलेल्या जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. राज्यातल्या इतर अनेक जिल्हा परिषदा आणि नगरपालिकांचीही हीच गत झाली. रस्ते, शाळा, दवाखाने चालू राहिले. पण शाळेचे छत गळते हे सांगायला गटाचा सदस्य नव्हता, आणि प्रशासक जाब देत होता तो वरच्या सरकारला, ब्रिग्जच्या काळातल्या कलेक्टरासारखाच. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचे आदेश दिले तेव्हा जिल्हा परिषदेत लोकांनी निवडलेला माणूस नसण्याला तीन वर्षे उलटून गेली होती.